सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पर्यटन

महाराष्ट्राच्या अगदी दक्षिणेला, सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सिंधुदुर्ग जिल्हा वसला आहे. उत्तरेला रत्नागिरी, पूर्वेला कोल्हापूर, आग्नेयेला कर्नाटकातील बेळगाव आणि दक्षिणेला गोवा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन तो अस्तित्वात आला. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, तालुके आठ, मुख्यालय ओरोसजवळची सिंधुदुर्गनगरी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,४९,६५१ होती आणि ती २००१ पेक्षा कमी भरली. पोटापाण्यासाठी मुंबईला जाण्याची इथली रीत जुनी आहे आणि गावोगावची कुलूपबंद घरे ती आजही सांगतात. गणपतीला आणि शिमग्याला हेच चाकरमानी परततात. त्या दिवसांत गाड्यांना जागा मिळत नाही, पण घराघरांत दिवे असतात. १९९७ मध्ये शासनाने पर्यटन जिल्हा म्हणून सिंधुदुर्गची घोषणा केली.

बहुतेक पाहुणे मालवण-तारकर्लीला येतात, दोन दिवस पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, काढतात आणि परततात. किनारा सुंदर आहे यात शंका नाही, पण एवढ्याने हा जिल्हा कळत नाही. तो उभा नव्हे, आडवा पाहावा लागतो : पूर्वेच्या घाटमाथ्यावरून पश्चिमेच्या बंदरापर्यंत, पाणी ज्या वाटेने उतरते त्या वाटेने. जुना व्यापारही असाच आडवा चाले. देशावरचा माल रामघाट, आंबोली, फोंडा, करूळ या घाटांनी खाली येई आणि वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग या बंदरांतून गलबतांवर चढे. मुंबई-गोवा महामार्ग आणि १९९८ मध्ये पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वे या दोन्ही उत्तर-दक्षिण वाटा जिल्ह्याच्या मधून जातात, त्यामुळे कणकवली, कुडाळ, सावंतवाडी रोड या स्थानकांवर उतरल्यावर समुद्र दिसत नाही. तो अजून तास-दीड तास दूर असतो. ऑक्टोबर २०२१ पासून चिपीला विमानतळ आहे. गावात जायला मात्र एसटीच खरी. संध्याकाळची वस्तीची गाडी रात्री गावातच थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते; आतल्या वाड्यांचा बाजारहाट तिच्याच वेळेवर चालतो.

आडव्या प्रवासाची सुरुवात आंबोलीपासून करावी. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सरासरी ७,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. किनाऱ्यावर त्याच्या निम्मादेखील पडत नाही. समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडतात आणि इथेच रिते होतात. इथली हिरण्यकेशी नदी मात्र समुद्राकडे पाठ फिरवते. महादेवाच्या मंदिरामागच्या गुहेतून निघून ती पूर्वेला घटप्रभेकडे, पुढे कृष्णेकडे आणि अखेरीस बंगालच्या उपसागराकडे जाते. म्हणजे काही पावलांच्या अंतरावर पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. याच उगमाच्या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा लहानसा मासा सापडला. २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. पावसाळ्यात मोठ्या धबधब्यापाशी वाहनांची रांग लागते. गर्दी टाळून, रात्री विजेरी घेऊन जाणकार माणसाबरोबर जंगलाच्या कडेने चालणाऱ्याला बेडूक, साप आणि झाडावर चमकणारी बुरशी पाहायला मिळते.

घाट उतरला की तीसेक किलोमीटरवर सावंतवाडी. मोती तलावाच्या काठी सावंत-भोसल्यांचा राजवाडा आहे आणि त्यात आजही गंजिफा रंगवली जाते. हे खेळण्याचे गोल पत्ते हाताने रंगवतात, वर लाखेचे लुकण देतात. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. चितार आळीत लाकडी फळे, भातुकली, पाट आणि बैलगाड्या मिळतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपल्या आहेत. एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत गाऊन सांगण्याची ही कला, आणि ती ऐकायला एक दुपार मोकळी ठेवावी असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० मध्ये बांधला गेला. सुपारीच्या बागा आणि शेते अजून त्याच्याच पाण्यावर आहेत. २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत त्याची नोंद झाली.

समुद्र जवळ येऊ लागला की जमीन सपाट, काळसर-तांबडी आणि उघडी होते. हा जांभ्या दगडाचा सडा. उन्हाळ्यात त्यावर काही उगवेल असे वाटत नाही, आणि पावसाळा सरता सरता तोच कातळ सोनकी, सीतेची आसवे, गेंद अशा रानफुलांनी भरून जातो. अशाच कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून देवगडच्या बागायतदारांनी हापूस वाढवला. कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसाने कोरलेल्या आकृत्या आहेत. कोकणातल्या या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. ती पायाखालीच असतात, म्हणून चपला काढून आणि रेषा चुकवून चालावे.

किनारा सुमारे १२१ किलोमीटरचा. उत्तरेला वाघोटण आणि दक्षिणेला तेरेखोल या खाड्यांनी तो बांधला आहे. वाघोटणच्या मुखावरचा विजयदुर्ग शिलाहारांच्या काळापासूनचा मानला जातो, आंग्र्यांच्या आरमाराचे ते ठाणे होते आणि १७५६ मध्ये इंग्रज व पेशवे यांनी मिळून तो पाडाव केला. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झाले. बुरुजांच्या आड वळणात लपलेला दरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. चारी बाजूंना खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. किल्ल्यात शिवरायांच्या हातापायांचे ठसे दाखवतात, राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि मोजकी कुटुंबे अजून राहतात; पाहुण्याने हे कोणाचे तरी घर आहे हे लक्षात ठेवून वावरावे. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांपैकी म्हणून विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जलदुर्ग जागतिक वारसा यादीत आले.

किल्ल्याभोवतीच्या पाण्यात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ पाहायला बुडी मारणाऱ्याने त्यावर पाय ठेवू नये, तुकडा मोडून आणू नये. वेंगुर्ल्याला डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. जवळच्या वायंगणीच्या पुळणीवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि गावकरी घरटी राखतात. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० चा मीठ सत्याग्रह झाला.

पहाटे पुळणीवर गेल्यास रापण दिसू शकते. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर धरून पुरुष-बायका मिळून ते किनाऱ्यावर ओढायचे. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. मासळीचा थवाच घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटींनी किनाऱ्याजवळची मासळी घटवली असे रापणकर सांगतात आणि त्यावरून संघर्षही झाले आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. ताजी सुरमई मागण्याचा तो काळ नव्हे. तेव्हा सुकी मासळी आणि व्हाळातले, म्हणजे ओढ्यातले, चढणीचे मासे. इतर वेळी तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, सोलकढी, घावणे, नारळाच्या रसातले शिरवळे. फेब्रुवारी ते एप्रिल ओल्या काजूगरांची उसळ.

गावऱ्हाटी, म्हणजे गावाची मानपानाची आणि देवकार्याची परंपरागत व्यवस्था, आणि देवस्थाने हा जिल्ह्याचा कणा. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्री दशावतार हे लोकनाट्य रंगते. लिहिलेली संहिता नसते. पात्रे संवाद जागीच रचतात, स्त्री-भूमिकाही पुरुषच करतात, आणि पहाटे दहीकाल्याने खेळ संपतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तिथी पंचांगात सापडत नाही, ती देवीच्या कौलाने, म्हणजे देवीला विचारून मिळालेल्या संकेताने, ठरते. सर्वांत विलक्षण आचऱ्याची गावपळण. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सारे गाव, गुराढोरांसकट आणि कोंबड्या-कुत्र्यांसकट, वेशीबाहेर पडते आणि तीन दिवस-तीन रात्री माळावर, नदीकाठी झोपड्यांत राहते. जेवणे एकत्र होतात, भजने होतात. मागे गावात कोणी नसते, आणि त्या दिवसांत पाहुण्यानेही वेशीच्या आत पाऊल टाकायचे नसते. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावतात. देवाने होकार दिला की माणसे घरी जातात, नाही तर मुक्काम लांबतो.