मीरा रोडचे घर आणि ‘ना-हरकत’ नावाचा कागद

मीरा रोड, भाईंदर किंवा त्यापलीकडच्या वसई-विरारच्या पट्ट्यात रिसेलचे घर घेणाऱ्याला टोकन दिल्यापासून नोंदणी होईपर्यंत जे कागद जमवावे लागतात, त्यांपैकी बहुतेकांचा उगम कोणत्या ना कोणत्या कायद्यात सापडतो. आधीच्या करारनाम्यांची साखळी, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट आणि मालमत्ता कराची पावती यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि घर शोधत फिरणाऱ्याला ते तोंडपाठ असते. सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गोष्ट वेगळी आहे. घर विकताना तो घेतलाच पाहिजे असे सोसायट्यांचे आदर्श उपविधी (सहकार खात्याची नमुना नियमावली) म्हणत नाहीत, किंबहुना उलटच म्हणतात. तरीही तो हाती पडेपर्यंत व्यवहार जागचा हलत नाही. नाना धर्मांची, भाषांची आणि खाण्यापिण्याच्या सवयींची माणसे एकाच जिन्यावर राहणार असलेल्या उपनगरात या कागदाला जे वजन आले, ते कसे आले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

दहिसर चेकनाक्यापलीकडचा हा भाग फार जुना शहरी भाग नव्हे. उत्तन, डोंगरी, पाली या किनारपट्टीच्या गावांत कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती, आतल्या गावांत आगरी शेतकरी, आणि या दोहोंच्या मधोमध मिठागरे व खाजणे, असे त्याचे रूप होते. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, १९९० मध्ये आणखी चार गावपंचायती तिच्यात आल्या आणि २००२ साली महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. गिरणगावातून आणि चाळींतून बाहेर पडलेली मराठी कुटुंबे, भाईंदरमधील गुजराती, जैन आणि मारवाडी व्यापारी, उत्तर भारतीय नोकरदार अशी वस्ती दाट होत गेली. नया नगर १९९२-९३ च्या दंगलींपूर्वीच वसू लागले होते, पण दंगलींनंतर मुंबईत जुन्या शेजारात राहणे अवघड झालेली अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याप्रमाणे इकडेही आली. या सर्वांना इथे आणणारे कारण एकच होते: स्टेशनाजवळ, परवडेल अशा किमतीत, स्वतःच्या नावावर होणारे घर. शेजारी कोण असेल याची निवड करण्याची ऐपत त्या वेळी फारशी कोणाकडे नव्हती.

निवडीची कल्पना मात्र मुंबईत त्याहून कितीतरी आधीची आहे. १९१५ साली गावदेवीत एका ज्ञातीच्या मंडळींनी उभारलेली सहकारी गृहनिर्माण संस्था आशियातील पहिली मानली जाते, आणि तिच्या मागोमाग निघालेल्या अनेक संस्थांचा पायाही ज्ञाती, पंथ किंवा प्रांत हाच होता. यात त्या काळाच्या मानाने वावगे असे काही नव्हते. सरकारकडून भूखंड मिळवायचा, सभासदांकडून वर्गणी गोळा करायची, कर्जाची हमी एकमेकांनी घ्यायची, तर परस्परांची ओळख हेच तारण होते. त्या संस्थांत आधी माणसे जमली आणि मग इमारत उभी राहिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण उपनगरांत पुढे क्रम नेमका उलटा झाला.

तो उलटा होण्यामागे भाडे नियंत्रण होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे तोट्याचे झाले. जुन्या इमारतींत पागडीचा, म्हणजे भाडेकरूच्या हक्कासाठी एकरकमी पैसे मोजण्याचा, व्यवहार रुजला, नव्या इमारती मालकी हक्काच्या सदनिका म्हणून विकल्या जाऊ लागल्या. त्या विक्रीतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी १९६३ साली जो कायदा आला, त्याला आजही सर्वजण ‘मोफा’ (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स ॲक्ट) म्हणतात. विक्रीच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याआधी लेखी करारनामा करणे, पुरेसे खरेदीदार झाले की त्यांची सोसायटी नोंदवणे आणि त्यानंतर जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून देणे, ही बिल्डरची कर्तव्ये त्यात आली. म्हणजे मोफाखालच्या सोसायटीत बिल्डरने ज्याला घर विकले तो सभासद, असा सरळ हिशेब होता. सभासदांनी एकमेकांना निवडलेले नव्हते. एकाच जिन्याच्या दोन बाजूंना राहायला आल्यावर त्यांची गाठ पडली. पण ही सोसायटी नोंदवली गेली ती १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालीच, म्हणजे ज्या चौकटीत गावदेवीच्या मंडळींसारख्या संस्था बसत होत्या त्याच चौकटीत. खरेदी-विक्रीचा कायदा एक आणि सभासदत्वाचा कायदा दुसरा, अशी ही जोडणी आहे, आणि ‘ना-हरकत’ हा शब्द नेमका या दोहोंच्या सांध्यावर उभा आहे.

या एकाच शब्दाखाली निदान चार वेगळे कागद वावरतात. सोसायटी स्थापन होण्यापूर्वी घर पुन्हा विकले गेले तर बिल्डर जो देतो तो एक. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीलाही बोलीभाषेत एनओसीच म्हणतात, तो दुसरा. खरेदीदार कर्ज काढत असेल तेव्हा सोसायटीने सदनिकेवरील बँकेच्या बोजाची नोंद घेतली असल्याचे पत्र हा तिसरा. आणि विक्रेत्याने ‘अमुक व्यक्तीला घर विकण्यास संस्थेची हरकत नाही’ असे लिहून आणायचे, तो चौथा. मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखला हा खरे तर पाचवा आणि अगदी साधा कागद, परंतु अनेक सोसायट्या तो चौथ्याच्याच पोटात घालतात. पहिल्या तिन्हींमागे काही ना काही व्यवहार्य कारण आहे. वाद आहे तो चौथ्याचा.

आदर्श उपविधींमध्ये याविषयी स्पष्ट तरतूद आहे: भाग आणि हितसंबंध हस्तांतरित करण्यासाठी संस्थेच्या ना-हरकत दाखल्याची आवश्यकता नाही. पण तिथेच पुढे असेही म्हटले आहे की विक्रेत्याला किंवा खरेदीदाराला असा दाखला हवा असल्यास त्याने अर्ज करावा आणि समितीने गुणावगुण पाहून महिन्याभरात निर्णय द्यावा. आधीच्या वाक्याने बंद केलेले दार पुढच्या वाक्याने किलकिले ठेवले आहे. खरेदीदाराला दाखला ‘हवा’ असतोच, कारण त्याच्या बँकेला तो हवा असतो, आणि बँकेला तो का हवा याचे उत्तर बहुधा ‘आमच्या यादीत आहे’ एवढेच मिळते. रोख पैसे मोजून घर घेणाऱ्याला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. मीरा रोडला वन बीएचकेसाठी वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याला तो भेडसावतोच. अशा रीतीने जो अधिकार उपविधींनी समितीला दिला नव्हता, तो कर्जाच्या फाइलने तिच्या हाती आणून ठेवला. हस्तांतरण शुल्काच्या बाबतीत सरकारने २००१ साली पंचवीस हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि देणगीच्या नावाने चालणारी वसुली निदान तक्रारीच्या कक्षेत आली. हरकतीच्या बाबतीत अशी कोणतीही मर्यादा घातली गेली नाही.

यात भर पडली ती २००५ च्या निकालाची. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत सभासदत्व पारशी व्यक्तींपुरते मर्यादित होते. एका सभासदाला बाहेरच्या खरेदीदाराशी व्यवहार करायचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गुजरातच्या उच्च न्यायालयाने सभासदाच्या बाजूने दिलेला निकाल तिथे फिरवला गेला. संघटना स्थापन करण्याच्या घटनादत्त स्वातंत्र्यात आपले सभासद कोण असावेत हे ठरवण्याचा भाग येतो, धर्म-जातीवरून भेदभाव करू नये हे घटनेतील बंधन राज्यसंस्थेवर आहे, खासगी सहकारी संस्थेवर नाही, आणि विधिमंडळाने स्पष्ट मनाई केलेली नसताना अशी उपविधी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. सहकार कायद्यात खुल्या सभासदत्वाचे कलम आहे, त्याचे काय, या प्रश्नाला मिळालेले उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे: ते कलम कायद्यानुसार आणि उपविधींनुसार ‘पात्र’ असलेल्या व्यक्तीसाठी आहे, आणि पात्रता उपविधीच ठरवतात. संख्येने घटत चाललेल्या समाजाला आपली वसाहत टिकवावीशी वाटणे समजण्यासारखे आहे, आणि निकालाच्या समर्थकांचा भर त्यावरच असतो.

तथापि, या निकालाचा मीरा रोडशी संबंध किती, हे तपासून पाहणारे थोडेच. ती संस्था १९२० च्या दशकातली, म्हणजे ‘आधी माणसे, मग इमारत’ या जातकुळीची होती आणि तिची अट पहिल्यापासून लिखित, नोंदलेल्या उपविधीत होती. १९८० नंतर मोफाखाली उभ्या राहिलेल्या उपनगरी सोसायट्यांनी सर्वसाधारणपणे छापील आदर्श उपविधी जसेच्या तसे स्वीकारले आणि त्यांत धर्म, भाषा किंवा आहार यांविषयी एक शब्दही नाही. २००५ च्या निकालाचेच तर्कशास्त्र लावले तरी अशा सोसायटीत घर घेणारा माणूस पात्र ठरतो आणि त्याला नाकारायला पुरेसे कारण उरत नाही. पण निकाल वाचला जातो तो सभेच्या इतिवृत्तात नव्हे, तर जिन्यात उभ्याने. ‘सुप्रीम कोर्टानेच सांगितले आहे, कोणाला घ्यायचे ते सोसायटी ठरवू शकते’ एवढ्या एका वाक्यात तो उपनगरभर पसरला आणि त्यातला ‘उपविधी’ हा शब्द वाटेतच गळून पडला.

१९६० च्या अधिनियमात नाकारलेल्या अर्जदारासाठी उपाय नाही असेही नाही. सभासदत्वाच्या अर्जावरचा निर्णय तीन महिन्यांच्या आत कळवला नाही तर अर्जदाराला सभासद मानले जाते आणि नकाराविरुद्ध निबंधकाकडे अपील करता येते. अडचण अशी की इथला नकार अर्जापर्यंत येतच नाही. तो विक्रेत्याला तोंडी कळवला जातो, विक्रेता एजंटला सांगतो आणि एजंट खरेदीदाराला दुसरी बिल्डिंग दाखवतो. जाता जाता ‘तिकडे कमिटी जरा व्हेज आहे’ किंवा ‘ते फॅमिली बघून देतात’ असे काहीतरी पुटपुटतो. जो अर्ज झालाच नाही त्याचे तीन महिने कोणी मोजायचे? आडनाव कळताच रद्द झालेल्या भेटींची नोंद कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही.

त्याहून विसंगत भाग जमिनीचा आहे. मोफाने बिल्डरवर घातलेले अभिहस्तांतरणाचे कर्तव्य इतक्या ठिकाणी धाब्यावर बसवले गेले की २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीविना जमीन सोसायटीच्या नावे होण्याची सोय करावी लागली. तरीही मीरा-भाईंदर पट्ट्यातील कितीतरी सोसायट्यांच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आजही त्यांचे नाव नाही. जमीन अजून दुसऱ्याच्या नावावर आणि हरकत मात्र सोसायटीची, असे हे चित्र आहे.

नंतरच्या वर्षांत कायद्याचे लक्ष बिल्डरकडे राहिले. २०१० साली दहिसर पूर्वेच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टखालचे पार्किंग बिल्डरला वेगळे विकता येणार नाही असे ठरवले. १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या रेराने, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याने, नोंदणीकृत करारापूर्वी घ्यायच्या रकमेची मर्यादा दहा टक्क्यांवर आणली, खरेदीदारांच्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले आणि कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्या पक्की केली. २०२० च्या सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्कात तात्पुरती तीन टक्क्यांची सूट मिळाली तेव्हा नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. हे सारे खरेदीदाराच्या हिताचे झाले, यात शंका नाही. पण रेरा हा प्रामुख्याने नव्या प्रकल्पांसाठी आहे. तीस वर्षे जुन्या इमारतीतले घर एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा समितीने काय करावे, याबद्दल तो गप्प आहे.

प्रश्न धर्माचा आहे असे धरून चालणाऱ्या मराठी वाचकांचे लक्ष याकडे वळले ते आच मराठी माणसाला लागली तेव्हा. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत पसरली आणि मोठा गदारोळ झाला. नव्या इमारतींत मराठी माणसांसाठी काही घरे राखून ठेवावीत ही मागणी त्यानंतर विधिमंडळापर्यंत पोहोचली, आणि २०२५ च्या जुलैत खुद्द मीरा रोडला भाषेच्या प्रश्नावर मोर्चा निघाला. संताप खरा होता. मात्र जो दाखला अन्सारी किंवा डिसोझा आडनावाच्या कुटुंबाला वर्षानुवर्षे मिळत नव्हता, तोच मासे शिजवणाऱ्या सावंतांना मिळेना झाला, हा धागा त्या चर्चेत फारसा कोणी ओढला नाही, आणि मराठी बहुसंख्येच्या समित्या स्वतः काय करतात हा प्रश्न तर निघालाच नाही.

सध्या हा विषय पुनर्विकासाकडे सरकला आहे. १९८० च्या दशकातील चार मजली इमारती आता पाडायला आल्या आहेत. २०१९ च्या जुलैतील सरकारी निर्देशांनी पुनर्विकासाच्या ठरावासाठी एकावन्न टक्के सभासदांची संमती पुरेशी केल्यामुळे प्रस्तावांना वेग आला. अशा प्रकल्पात जुन्या सभासदांच्या घरांखेरीज विक्रीसाठी जी नवी घरे निघतात, त्यांच्या खरेदीदारांना सभासद करून घेण्याचे कलम सोसायटी आणि विकासक यांच्यातील करारनाम्यात घातले जाते. त्या कलमाचा मसुदा बहुतेक वेळा विकासकाचा वकील तयार करतो, आणि सर्वसाधारण सभेत चर्चा होते ती वाढीव कार्पेट, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी) आणि भाड्याच्या रकमेची.