‘वाटून घेत आहोत’ की ‘वाटून घेतलं आहे’? शेतकऱ्याच्या घरातल्या वाटणीची पार्श्वभूमी

गावात कुणी ‘त्यांची वाटणी झालीये’ म्हणालं की आधी विचारावं लागतं, कोणती? चूल वेगळी झाली तरी वाटणी, बांध घालून औत वेगळं चालायला लागलं तरी वाटणी, आणि फेरफार होऊन सातबारा वेगळा निघाला तरी वाटणीच. पहिल्या आणि तिसऱ्या वाटणीत तीस-चाळीस वर्षं सहज जातात. तोवर वाटे करून देणारा बाप गेलेला असतो, एखादा भाऊही गेलेला असतो, आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं ‘सामाईक’ म्हणून एकाखाली एक. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे आणेवारी असायची. तिघे भाऊ असले तर प्रत्येकाचे पाच आणे चार पै. दुष्काळ ठरवताना काढतात त्या पिकाच्या आणेवारीशी हिचा काही संबंध नाही, पण दोन्हींचा घोळ आजही होतो.

समान वाट्याची कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिलेल्या मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत, थोरल्याला ज्येष्ठांश, म्हणजे जास्तीचा वाटा, देण्याची जुनी वचनं येतात, आणि लोकांना ते रुचत नाही म्हणून तसं करू नये असंही तिथेच सांगितलेलं आहे. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी आणखी एक गोष्ट धरून ठेवली: आईला वाटणी मागता येत नाही, पण बापलेकांची वाटणी झालीच तर तिला मुलाएवढा हिस्सा. हा हिस्सा किती घरांत काढला गेला असेल, ते ज्याने त्याने आपल्या आजीच्या नावावर काय होतं ते आठवून ठरवावं.

पेशवाईत मिरासदाराची, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धरणाऱ्याची, जमीन थळ म्हणून ओळखली जायची. थळाला मूळ कुळाचं, म्हणजे घराण्याचं, नाव असे आणि ते कुळ संपलं तरी नाव टिके. एका कुळातल्या भाऊबंदांचा जथा थळाच्या साऱ्याला मिळून जबाबदार असे, त्यामुळे आत कोण कुठला तुकडा कसतो ही घरची बाब होती. या भागातले बरेच रयत आपल्या जमिनीचे वंशपरंपरागत मालक आहेत, ती विकूही शकतात, असं १८१९ च्या अहवालात इथल्या इंग्रज कमिशनरनेच लिहून ठेवलं आहे. इंग्रजांनी जमीन मोजून सारा ठरवला त्या १८३६ च्या इंदापूरच्या बंदोबस्तापासून चित्र बदललं. जमिनीचे सर्व्हे नंबर पाडले गेले, नंबराला खातेदार आला, सारा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. एक बैलजोडी पेलेल एवढा नंबर असावा हा तेव्हाचा हिशेब. बैलजोडी तेवढीच राहिली, खाणारी तोंडं वाढली.

पुढचं एका गावाच्या आकड्यांत दिसतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजाच्या प्राचार्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पिंपळे सौदागर गाव अख्खं पाहिलं. तिथलं सरासरी खातं १७७१ साली ४० एकरांचं होतं, ते १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आलं होतं. १५६ खातेदारांचे ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एकराहून लहान आणि ११२ पाव एकराहून लहान. (त्याच गावात आज फ्लॅटचा भाव चौरस फुटावर सांगतात.) हा अहवाल पुढे इतक्यांनी उद्धृत केला की ‘अज्ञानी शेतकरी जमिनीचे तुकडे करतो’ हे सरकारी वाक्यच होऊन बसलं. १९२७ मध्ये ठरावीक आकाराखाली वाटणी होऊ द्यायची नाही असं विधेयक मुंबई इलाख्यात आणलं गेलं. धाकटे भाऊ भूमिहीन होतील म्हणून ओरड झाली आणि ते बारगळलं. तुकडेबंदीचा कायदा आला तो १९४७ साली.

तुकडे पडतात ते अज्ञानामुळे नाही. वाटणी ‘सरस-नीरस पाहून’ करायची असते म्हणून पडतात. विहिरीखालचं, माळाचं, ओढ्याकाठचं असं तीन जातींचं रान असेल तर प्रत्येक भावाला तिन्हींतलं हवं, नाहीतर एकाला नुसता मुरूम येईल. बऱ्याच घरांत थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा अशी रीत असते. थोरल्याला लबाडी करायला जागाच राहत नाही.

माझ्या आजोळची वाटणी मी पाहिली ती ओसरीवर. आजोबांनी तीन चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या आणि मामेभावंडांतल्या सगळ्यात लहान पोराला उचलायला लावल्या. जमीन तासाभरात उरकली. घराचे खण मोजून झाले. विहीर वाटता येत नाही म्हणून पाण्याचे वार ठरले, सात वार तिघांत बसेनात, तेव्हा रविवार आजोबांनी स्वतःकडे ठेवला. संध्याकाळपर्यंत वाद चालला तो तांब्याच्या एका घंगाळ्यावर. ते शेवटी आजीने आतल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि दार ओढून घेतलं. दोन मावश्या स्वयंपाकघरात होत्या, त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांना आधीच ‘चोळीबांगडी’ झाली होती असं धरलेलं होतं.

कागद त्या दिवशी झालाच नाही, आणि तिथूनच खरा गुंता सुरू होतो. हिंदू एकत्र कुटुंबाची वाटणी तोंडी होऊ शकते, कायद्याने ती चालते. पण वाटणी लिहून करायची आणि स्थावर त्यात असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार तो दस्त नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर वाटणीचा पुरावा म्हणून तो उभा राहत नाही. यातून वाट निघाली ती व्याकरणातून. ‘आम्ही आज खालीलप्रमाणे वाटून घेत आहोत’ असं लिहिलं तर ते वाटणीपत्र, नोंदणी पाहिजे. ‘आम्ही पूर्वीच तोंडी वाटून घेतलेलं आहे, त्याची ही आठवणीसाठी यादी’ असं लिहिलं तर ती नुसती यादी, नोंदणीची गरज नाही. जमीन तीच, सह्या त्याच, फक्त क्रियापदाचा काळ वेगळा. दस्तलेखकांनी हा भूतकाळ इतका घोटला की ओसरीवर काल बसून केलेली वाटणीसुद्धा ‘सुमारे वीस वर्षांपूर्वी’ झालेली असते.

मागची तारीख सोयीची ठरण्याचे प्रसंगही येत गेले. कमाल जमीनधारणेची मर्यादा १९७५ मध्ये खाली आणली (बारमाही बागायत १८ एकर, कोरडवाहू ५४ एकर), तेव्हा २६ सप्टेंबर १९७० नंतरच्या वाटण्यांकडे कायद्याने संशयानेच पाहिलं. मग मोठ्या खातेदारांच्या वाटण्या त्या तारखेच्या आधीच्या निघाल्या, यात नवल नाही.

दुसरा प्रसंग मुलींच्या हक्काचा. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्शात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला नाही. बापाचा हिस्सा आधी भावांबरोबर पडायचा आणि त्या हिश्शात पुन्हा सगळे वारस, म्हणजे तिच्या पदरात तुकड्याचा तुकडा. महाराष्ट्राने जून १९९४ पासून मुलीला मुलासारखंच सहदायाद, म्हणजे जन्मापासूनची हिस्सेदार, केलं, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. मावश्यांची पिढी त्यात गेली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली, लग्नाची अट गेली, आणि २० डिसेंबर २००४ आधी झालेल्या वाटण्यांना हात लावणार नाही असं म्हणताना वाटणीची व्याख्याच बांधली: नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा. तोंडी वाटणी त्यात नाही. बाप २००५ मध्ये हयात असावा लागतो का, यावर न्यायालयांची मतं बदलत राहिली. २०१५ मध्ये ‘हो’ असं उत्तर आलं, ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ‘नाही’ म्हटलं. हक्क जन्माने आहे, बापाच्या हयातीवर नाही. त्याच निकालात तोंडी वाटणीचं दार अगदी किलकिलं ठेवलं गेलं: सरकारी दफ्तरातल्या कागदांचा भक्कम आधार असेल तरच, अपवाद म्हणून.

या ओळीने किती यादीपत्रं निकामी झाली असतील! ज्यांनी खरोखरच आधी वाटून घेतलं होतं आणि खर्च नको म्हणून कागद केला नाही, त्यांच्यावर हा अन्याय आहे असं गावोगाव ऐकू येतं, आणि त्यात तथ्य नाही असं म्हणवत नाही. पण वीस वर्षांपूर्वीच्या म्हणवणाऱ्या वाटणीत बहिणीचं नाव कुठेच नसतं, हेही त्याच फायलींत दिसतं. आता भावांचा मार्ग वेगळा आहे, हक्कसोडपत्र. दिवाळीला किंवा राखीला बहीण माहेरी येते आणि दुय्यम निबंधकाकडे अंगठा आणि फोटो देऊन जाते. माहेर तुटू नये म्हणून केलेली सही ऐच्छिक म्हणायची की नाही, हे दस्तावरून कळत नाही. उलट दिशेचाही एक प्रयत्न झाला होता: ऐंशीच्या दशकाअखेरीपासून शेतकऱ्यांच्या एका संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून गावोगाव मोहीम काढली आणि काही हजार नवऱ्यांनी ती करून दिली.

राज्यातलं सरासरी खातं १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठ्यांवर आणलं गेलं. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळे सहधारक तयार असले तर तहसीलदाराकडे वाटप होतं, पण एकाने जबाब द्यायला यायचं टाळलं की प्रकरण दिवाणी कोर्टात जातं, आणि हुकूमनाम्यानंतर पुन्हा जमीन मोजायला महसुलाकडेच येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क १०० रुपये होतं, पण नोंदणी फी ३० हजारांपर्यंत जायची. मे २०२५ मध्ये ती फी माफ करण्याचा निर्णय झाला.

आजोळच्या तीन चिठ्ठ्यांचं वाटणीपत्र अजून झालेलं नाही. सातबाऱ्यावर आजोबांच्या वारसांची नावं आहेत, त्यात दोन मावश्या, माझी आई आणि घंगाळ्यावर अडून बसलेला मधला मामा. रविवारचं पाणी सध्या कुणाचं, यावर तिथे अजून बोलणी चालू आहेत.