पाणी एकरावर की घरावर?

कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात उघड्या पाटाऐवजी बंद नळीतून न्यायचं ठरलं आणि ‘समन्यायी पाणीवाटप’, म्हणजे सगळ्यांना न्याय्य वाटा, हे शब्द सरकारी कागदांतही रुळले. मागणी मात्र जुनी आहे. तिचं मूळ कुणी 1943 ते 1946 च्या, इंग्रजांना झुगारून साताऱ्यात चाललेल्या प्रतिसरकारपर्यंत नेतात. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता आणि गावचे तंटे गावानं सोडवण्याची रीत त्या काळात पडली. तरी आजचा वाद समजायला 1980 नंतरचा खानापूर तालुकाच पाहावा लागतो.

1982 च्या संपानंतर मुंबईतले अनेक गिरणी कामगार गावी परतले. इथं दुष्काळ, आणि हाताला काम म्हणजे रोजगार हमीवर खडी फोडणं. खडी कसली फोडायला लावता, पाणी अडवायची कामं द्या, अशी मागणी पुढं आली. कामं कुठली, हे सांगायला माहिती हवी होती. ती लोकांनीच जमवली: पाऊस किती, विहिरींची पातळी कुठं, पिकं कोणती. अभियंते, प्राध्यापक, विद्यार्थी मदतीला आले, पण प्रश्न गावाचे होते. समाजसेवेत ज्याला क्षमताबांधणी म्हणतात ती याहून चांगली झालेली मला माहीत नाही. तालुक्यातल्या येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसतात, म्हणून पात्रात पाणी मुरून राहत नाही आणि विहिरी आटतात, हे लोकांनी स्वतः मांडलं.

त्यातूनच बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी येरळेवर बळीराजा स्मृती धरण बांधायला घेतलं. थोडी वाळू गावानंच विकायची, त्या पैशाला श्रमदानाची आणि बिनव्याजी उसन्या रकमांची जोड द्यायची, असं ठरलं. वाळूवरच्या हक्कावरून सरकारशी झगडावं लागलं. दशक सरता सरता धरणात पाणी साठलं.

खरा वाद वाटपाचा होता. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा सगळीकडचा शिरस्ता. इथं ठरलं, प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, भूमिहीनालाही. ज्याला जमीनच नाही त्यानं पाणी कुठं घालायचं, हा आक्षेप चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. धरण उभं राहिलं ते वाळूच्या पैशावर, आणि नदीची वाळू काही सातबाऱ्यावर नसते. शिवाय पाण्याचा वाटा हातात असला की भूमिहीन माणूस दुसऱ्याची जमीन वाट्यानं करायला घेताना रिकाम्या हातानं बोलत नाही. आपल्या वाट्याचं पाणी घेऊन तो बरोबरीनं बसतो. उसासारख्या पाणीखाऊ पिकाला मनाई ठेवली तीही याचसाठी. थोड्यांच्या उसानं सगळ्यांचा वाटा पिऊन टाकला असता. या निर्णयाला आदर्शवाद म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी त्यातला हिशेब पाहिलेला नाही.

पुढं घडामोडी वेगानं झाल्या. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाच्या 1976 च्या निवाड्यानं महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि 2000 नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. त्याआधी आपल्या वाट्याचं पाणी अडवायची घाई सुरू झाली. 1993 मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली, तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले आणि धरणग्रस्तही सोबत उभे राहिले. कोयनेपासूनच्या धरणांसाठी उठवलेली माणसं आणि पाण्याविना राहिलेली माणसं एकमेकांविरुद्ध नाहीत, हे त्या एकजुटीनं दाखवलं. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं, टेंभूचं काम निघालं.

2005 च्या राज्याच्या सिंचन कायद्यानं पाणी वापर संस्थांना, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांना, अधिकार दिले. लाभक्षेत्राचे सुरुवात, मध्य आणि शेपूट असे भाग धरून संचालक मंडळात जागा ठेवल्या. कालव्याच्या शेवटी असलेल्या, शेपटाच्या शेतकऱ्याला पहिल्यांदाच कायद्यानं खुर्ची मिळाली, ही मोठीच गोष्ट. सभासदत्व मात्र जमीनधारकालाच. ज्या भूमिहीन घराला बलवडीत वाटा मिळाला होता, त्याला या संस्थेत मतही नाही. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर तीही बाहेरच. संस्थांची प्रशिक्षणं होतात, त्यांत पाणी मोजणं आणि पाणीपट्टी आकारणं शिकवतात. भूमिहीनाचा वाटा कसा धरायचा, हे शिकवायला आधी कायद्यात तो वाटा लिहावा लागेल.