कपाळ कुठे हरवतं?

साताऱ्यात एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणारी मुलं तांब्या आणि फुलपात्र हुबेहूब काढतात. तीच मुलं आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा काढायला लागली की डोळे हटकून वर सरकतात आणि कपाळ दोन बोटांचं उरतं. मोठ्यांचंही तेच होतं. आपण हाताला दोष देतो, पण घोटाळा मेंदूच्या घाईत आहे.

चेहरा बघताना नजर डोळे, नाक आणि ओठांभोवतीच घुटमळते. माणसाची ओळख तिथेच पटते. कपाळ आणि टाळूकडे फारसं लक्ष जात नाही, म्हणून कागदावरही त्यांना कमी जागा मिळते. प्रत्यक्षात टाळू आणि हनुवटी यांच्या जवळजवळ मध्यावर डोळे असतात. एक डोळा मिटून, हात ताठ ठेवून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्या, लगेच पटेल. चेहरेपट्टी काढण्याआधी ही मधली रेघ हलक्या हाताने मारून ठेवावी.

आता आरसा. अंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशावर, एक डोळा मिटून, आपल्या चेहऱ्याची कड बोटाने गिरवा. तो आकार खऱ्या चेहऱ्याच्या निम्माच भरतो. मागे सरकून पुन्हा गिरवला तरी निम्माच. प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते, त्यामुळे आरसा डोळा आणि प्रतिमा यांच्या मधोमध येतो. म्हणजेच आरसा ५० सेंटिमीटरवर असला, तर आपण चेहरा १ मीटरवरून बघतो. मोबाइल तेवढ्याच अंतरावर धरला, तर कॅमेरा खरोखर ५० सेंटिमीटरवरून बघतो. नाक त्याला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून ते मोठं दिसतं. नवख्यांनी सेल्फीवरून चित्र काढू नये, असं मला ठामपणे वाटतं.

छटांमध्येही मेंदू असाच आड येतो. डोळ्याचं बुबुळ सोडून उरलेला भाग पांढरा, हे त्याला पाठ असतं, म्हणून आपण तिथे कागद कोरा सोडतो आणि डोळे वटारल्यासारखे दिसतात. एका पोस्टकार्डाला पंचिंग मशीनने भोक पाडा, त्यातून आरशातला तो पांढरा भाग बघा आणि मग उजेडाकडचा गाल बघा. पापणीच्या सावलीतला ‘पांढरा’ बऱ्याचदा गालाहून काळपट निघतो. आजूबाजूचं झाकलं की मेंदूला उजेड-सावलीचा हिशेब जुळवता येत नाही. खरी छटा तेवढी उरते. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. तिथे गेलात तर डोळ्यांतला पांढरा कुठल्या रंगाने रंगवलाय, ते जरूर बघा.

गडद छटेसाठी एचबी पेन्सिल दाबू नका. पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती भाजलेली असते. ही रीत १७९५ साली फ्रान्समध्ये काँते यांनी बसवली. माती जास्त असली तर पेन्सिल कडक, ग्रॅफाइट जास्त असलं तर मऊ आणि काळी. ग्रॅफाइटचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून ते कागदावर उतरतं. जोर लावून घासलं की त्याचे पापुद्रे सपाट बसतात, आरशासारखा उजेड परतवतात आणि काळी हवी ती जागा चकाकते. त्यापेक्षा ४बी किंवा ६बी ही मऊ पेन्सिल घ्या, हलके थर चढवा आणि केसांतला सगळ्यात गडद भाग शेवटी भरा.