युरोपच्या मैदानापासून रांचीपर्यंत : महिला क्लब हॉकीची पार्श्वभूमी

1974 हे साल महिला हॉकीसाठी फार मोलाचं. त्या वर्षी फ्रान्समधल्या मांदेल्यू इथे महिलांचा पहिला विश्वचषक झाला. नेदरलँड्स जिंकलं, अर्जेंटिना दुसरं आणि आपल्या मुली चौथ्या आल्या. त्याच वर्षी युरोपात महिला क्लबांचा युरोपियन चषकही सुरू झाला. देशोदेशीचे लीगविजेते क्लब एका गावी जमायचे आणि काही दिवसांतच स्पर्धा उरकायची. तेव्हा महिला हॉकीचा जागतिक कारभारही पुरुषांपासून वेगळा होता. दोन्ही संघटना 1982 मध्ये एकत्र आल्या.

या चषकावर डच क्लबांचा पगडा राहिला आणि त्याचं मूळ त्यांच्या क्लबांतच आहे. तिथे लहान पोरींपासून वयस्कर बायकांपर्यंत सगळ्या एकाच क्लबात खेळतात, राष्ट्रीय संघातल्या खेळाडूही दर आठवड्याला लीगमध्ये उतरतात. डेन बॉस हा क्लब 1998 मध्ये पहिल्यांदा डच विजेता झाला आणि नंतर वर्षानुवर्षं युरोप गाजवत राहिला. पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या संधीवर, डेन बॉसच्या मार्त्ये पाउमेनची ड्रॅग फ्लिक (काठीनं ओढत नेऊन भिरकावलेला चेंडू) आली, की समोरच्या गोलरक्षिकेचा जीव टांगणीला लागायचा.

2007 मध्ये पुरुषांच्या क्लबांसाठी युरो हॉकी लीग सुरू झाली आणि खेळाचं रूपच पालटलं. सामना चार भागांत होऊ लागला, पंचांचा निर्णय व्हिडिओवर तपासून मागता येऊ लागला आणि सेल्फ-पास आला. आधी फ्री हिट, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दलचा फटका, मिळाली की चेंडू दुसऱ्या कुणाला तरी द्यावाच लागायचा. तेवढ्यात प्रतिस्पर्धी आपापल्या जागा धरायचे आणि हल्ल्याची धार जायची. आता चेंडू थांबवायचा, काठीनं जरासा पुढे ढकलायचा आणि आपणच सुसाट निघायचं. हा नियम 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकीनंही घेतला. म्हणजे महिला तो नियम खेळू लागल्या, पण ज्या लीगमध्ये तो रुजला तिचं दार त्यांना बंदच होतं. मला ही गोष्ट आजही खटकते. त्यांचा चषक जुन्या पद्धतीनंच चालू राहिला.

दार उघडायला 2020 उजाडलं, तेही नीट उघडलं नाही. ईस्टरला नेदरलँड्समधल्या अॅमस्टेलव्हेनच्या वॅगनर स्टेडियमवर महिलांची पहिली युरो हॉकी लीग ठरली होती, ती कोरोनामुळे रद्द झाली. पुढच्या ईस्टरला, 2021 मध्ये, तिथेच ती झाली. जिंकलं डेन बॉस. अॅमस्टेलव्हेन हे नाव आपल्याकडच्या जुन्या हॉकीवेड्यांना वेगळ्या कारणानं आठवेल. 1973 च्या पुरुष विश्वचषकाचा अंतिम सामना भारत इथेच नेदरलँड्सकडून पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे बरोबरीनंतर फक्त गोलरक्षकासमोर मारायच्या फटक्यांवर, हरला होता.

आपल्याकडेही असंच घडलं. पुरुषांची हॉकी इंडिया लीग 2013 मध्ये आली, महिलांची जानेवारी 2025 मध्ये. चार संघ आणि रांचीचं मैदान. परदेशी खेळाडू आणि आपल्या मुली एका संघात, एका ड्रेसिंग रूममध्ये. 26 जानेवारीच्या अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सनं सूरमा क्लबला 2-1 नं हरवलं. ओडिशाचे दोन्ही गोल सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळचे होते.