कागदी लगद्याचे ट्रे

कागदी लगद्याचे ट्रे : रद्दी, जुने पुठ्ठे किंवा उसाचा चोथा पाण्यात कालवून केलेला लगदा साच्यावर घेऊन व वाळवून बनवलेला आधार. खोक्यात माल हलू नये, आदळला तरी फुटू नये, यासाठी तो वापरतात. तीस खळग्यांचा अंड्यांचा ट्रे हा त्याचा सर्वांच्या पाहण्यातला नमुना. पंप, दिवे, काचेच्या बरण्या यांसाठीही असे ट्रे घडवतात.

रद्दी पल्परमध्ये, म्हणजे ती घुसळून लगदा करणाऱ्या टाकीत, भिजवून इतकी पातळ करतात की लगद्यात तंतू शेकडा एक-दोन आणि बाकी पाणीच असते. त्यात जाळीचा साचा बुडवून आतून हवा ओढली की पाणी निघून जाते आणि तंतू जाळीवर बसतात. अशा यंत्राचे पेटंट मार्टिन कीज यांनी अमेरिकेत 1903 साली घेतले. तयार ट्रे हातात घेतला की जाळीकडची बाजू गुळगुळीत लागते आणि तिच्यावर जाळीचे बारीक ठसे दिसतात. दुसरी बाजू खरबरीत असते. पॉलिश केलेला किंवा रंगवलेला माल गुळगुळीत बाजूवरच बसला पाहिजे, नाहीतर वाटेत घासून त्यावर ओरखडे येतात.

जाड भिंतीचे ट्रे साधारण 5 ते 10 मिमी असतात आणि जड यंत्रभागांना चालतात. 3 ते 5 मिमीचे ट्रे अंडी व विजेच्या वस्तूंसाठी. गरम साच्यात दाबलेले ट्रे सर्वांत सफाईदार आणि महाग. जळगाव-धुळ्याच्या 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या उन्हाळ्यात उन्हात वाळवणे स्वस्त पडते, पण असे ट्रे वाळताना वाकडे होतात. नेमक्या मापात बसवायच्या मालासाठी ते घेऊ नयेत.

निवड करताना जाडीपेक्षा घडण आधी पाहावी. धक्का सोसतात त्या ट्रेच्या उभ्या कडा आणि खळग्यांचे सुळके. ते चेपतात, म्हणून माल वाचतो. एकदा चेपलेला सुळका पुन्हा पूर्ण उभा राहत नाही, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आपटीला ट्रे कमी पडतो. सुरत–नागपूर महामार्गावरून जाणारा माल धुळे, जळगाव, भुसावळ असा ठिकठिकाणी उतरत-चढत असेल, तर नमुना एकदाच टाकून पाहणे पुरेसे नाही. माल भरलेले खोके कोपऱ्यावर, कडेवर आणि सपाट असे पुन्हा पुन्हा टाकून पाहावे.

पावसाळा हा खरा शत्रू. कागद हवेतला ओलावा ओढतो आणि मऊ पडतो. थराखाली थर रचलेल्या खोक्यांत सर्वांत खालचा ट्रे आधी बसतो. मे महिन्यात कडक वाटलेला नमुना जुलैत तसाच राहील असे धरू नये. लगद्यात राळ किंवा मेणाचे द्रावण मिसळले की ट्रे पाणी उशिरा शोषतो, पण मेण जास्त असलेला ट्रे पुन्हा लगदा करायला त्रास देतो. उघड्या लोखंडी भागांना ओलसर ट्रेमुळे गंज चढतो, म्हणून भागाला तेल लावून किंवा गंजरोधक कागदात गुंडाळूनच तो ट्रेमध्ये ठेवावा.

रद्दीच्या लगद्यात छपाईच्या शाईचे अंश राहतात. त्यामुळे थेट लागणाऱ्या खाद्यपदार्थांसाठी उसाच्या चोथ्याचा किंवा कोऱ्या तंतूंचा ट्रेच घ्यावा. बंद बरणीतले लोणचे मात्र रद्दीच्या ट्रेमध्येही चालते. कागदी ट्रे धुऊन निर्जंतुक करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालनावर बर्ड फ्लूचे संकट आले होते. अशा भागात बाजारात जाऊन आलेला ट्रे पुन्हा शेडमध्ये आणणे धोक्याचे ठरते.

नवा साचा करून घेणे खर्चाचे असते आणि तो खर्च मोठ्या संख्येतच भरून निघतो. माल थोडा असेल तर तयार मापाचा ट्रे शोधावा किंवा पुठ्ठ्याचे कप्पे लावावेत. साचा करायचाच, तर बाजूंना उतार ठेवायला सांगावे. उभ्या भिंतीचा ट्रे साच्यातून नीट सुटत नाही आणि एकात एक बसतही नाही, मग रिकाम्या ट्रेच्या वाहतुकीलाच भाडे जाते.