सावरीमागचा सूर्य फोटोत टिकलीएवढा का येतोय?

जानेवारी संपत आला की खानापूर-जांबोटी बाजूच्या सावरी पानं झाडून मोकळ्या होतात, आडव्या पसरलेल्या फांद्या आणि त्यांच्यावर लाल फुलं, आणि बेळगावातनं पोरं थंडीत गाड्या काढून सूर्योदयाचे फोटो काढायला तिकडं जातात. झाडाजवळ उभं राहून बघताना सूर्य परातीएवढा वाटतोय आणि मोबाईलमध्ये बघितला तर टिकली. मग कुठला मोबाईल घेऊ म्हणून कितीतरी जण विचारतात. पण मोबाईलची काही चूक नाही, तो खरं तेच दाखवतोय.

सूर्याचं बिंब आकाशात फक्त अर्धा अंश रुंद असतंय, उगवताना पण तेवढंच आणि दुपारी डोक्यावर असताना पण तेवढंच. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या अर्ध्या जाडीत सूर्य झाकला जातोय, करून बघा. झाडं-घरं जवळ दिसली की आपला मेंदू त्याला मोठा समजतोय, एवढंच. मोबाईलचा साधा कॅमेरा एका वेळी साधारण 70 अंशांचा परिसर धरतोय, म्हणजे फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 130 सूर्य शेजारी शेजारी बसतील, मग एकटा सूर्य टिकलीच दिसणार की.

आता झाडाचं बघा. 10 मीटर पसाऱ्याची सावर 20 मीटरवरनं बघितली तर जवळजवळ 28 अंश जागा खाते. सूर्य काय मोठा करता येत नाही, पण झाड लहान करता येतंय, लांब जाऊन! झाडाच्या रुंदीच्या 110 पट मागं गेलं की झाड आणि बिंब एकाच मापाचे होतात, म्हणजे या सावरीसाठी 1,100 मीटर. तिथनं कॅमेऱ्याला 400 एमएमची टेलिलेन्स (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लावली की बिंब फ्रेमच्या रुंदीचा दहावा भाग व्यापतंय आणि अख्खी सावर त्याच्या पोटात बसते. फक्त टेलिलेन्स लावून कॅमेऱ्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधनं (डोळा लावून बघायच्या खिडकीतनं) सूर्याकडे बघू नका, डोळा जाईल, स्क्रीनवरच बघा.

सूर्य लाल का, तर उगवतीला त्याचा उजेड हवेच्या फार जाड थरातनं येतोय, डोक्यावर असतानाच्या जवळजवळ 38 पट. निळा उजेड हवेच्या रेणूंवर आपटून तांबड्यापेक्षा चार-पाच पट जास्त विखुरतो (हे गणित इंग्रज शास्त्रज्ञ रॅले यांनी 1871 मध्ये मांडलं), तो वाटेतच इकडंतिकडं जातोय आणि आपल्यापर्यंत तांबडा पोचतोय. आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की हवा उजेडाला वाकवते म्हणून क्षितिजाला टेकलेलं बिंब आपल्याला दिसतं तेव्हा सूर्य खरा म्हणजे अजून क्षितिजाच्या खालीच असतोय.

धुकं पाहिजे असेल तर रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला पाहिजे. जमीन आपली उष्णता वर सोडून गार होते, तिला लागून असलेली ओली हवा पण गार होते आणि मलप्रभेच्या काठाला, मसूर-वाटाण्याच्या शेतांवर पांढरा थर बसतोय. धुक्याचे थेंब सगळे रंग सारखेच विखुरतात म्हणून ते पांढरं, आणि बराचसा उजेड पुढच्याच दिशेला फेकतात म्हणून सूर्याकडे तोंड केलं की फांद्यांमधनं आलेल्या तिरपा स्पष्ट दिसतात. मोबाईलच्या स्क्रीनवर आकाशाच्या जागी बोट टेकवून उजेड कमी करा, एचडीआर (काळोखातला भाग उजळवणारी सोय) बंद ठेवा. मग फुलंपण काळीच येतात, लाल पाहिजे असतील तर सूर्याकडे पाठ करा, मला स्वतःला काळीच आवडतात.

वेळ फार थोडा असतोय. बिंब पूर्ण वर यायला दोन-सव्वादोन मिनिटं, ते पण सरळ वर नाही, थोडं उजवीकडे कलत. शिवाय उगवायची जागा रोज उत्तरेला सरकते, जानेवारीअखेर रोज अर्धं बिंब, मार्चमध्ये पाऊण. म्हणजे 1,100 मीटरवर उभं असाल तर आज जिथं ट्रायपॉड होता तिथनं उद्या पाच मीटर दक्षिणेला, मार्चमध्ये आठ मीटर.

गेल्या वर्षी मी असाच एका बांधावर मापं काढत होतो तर शेताचे मालक आले, म्हातारे, डोक्याला मफलर. "एवढ्या लांबनं काय गावणार ओ तुमास्नी?" मी स्क्रीन दाखवली तर वाकून बघत म्हणाले, "आमचीच सावर की ही!" मग हात लांब करून मला दाखवत गेले, संक्रांतीला त्या खोपीमागनं उगवतोय, शिमग्याला त्या चिंचेमागनं. हात ताणून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात, तसं मी खोपीपासून चिंचेपर्यंत मोजलं. दोन मुठींना थोडं कमी भरलं. गणितानं पण जवळजवळ तेवढंच येतंय.